कप्पा नसलेली गाडी

"काय शांत गाडी आहे," तो म्हणाला, आणि त्या वेळी गाडी नुसता ठणाणा करत होती. त्याने पट्टा लावला नव्हता म्हणून. नव्या गाडीचं ते रडगाणं शोरूमच्या फाटकापासूनच सुरू झालं होतं, आधी हळू, मग घाईघाईने, मग कुणी सुई टोचत बसावं तसं न थांबता. आणि तो दोन्ही हात चाकावर ठेवून, मान जराशी ताठ करून, नवे कपडे घातलेल्या माणसासारखा जपून चालला होता. तिला वाटलं, गंमत करतोय. त्याची गंमत अशीच असायची, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता केलेली, आणि समोरच्याला ती कळेपर्यंत हा पुढच्या चौकात पोचलेला. म्हणून तीही हसली आणि त्याच्या हसण्याची वाट बघत राहिली. तो हसला नाही. सिग्नलला गाडी थांबली तशी तिने वाकून त्याच्या अंगावरून हात घातला, पट्टा ओढला आणि खाली खटकन बसवला. आवाज थांबला. "हां, राहिलाच की," तो म्हणाला आणि पुढे बघू लागला. तेव्हा ती त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघू लागली. कारण आवाज थांबला की माणसाचा चेहरा सैल पडतो. कुणाचाही पडतो. भुवया खाली येतात, जबड्याची पकड सुटते. त्याच्या चेहऱ्यावर सैल पडायला काही नव्हतंच.

हे तिला कळायलाच हवं होतं, कारण चेहरे बघणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. ती रुग्णालयात कान तपासायची. काचेच्या खोलीत माणूस बसवायचा, त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं, आणि आपण बाहेर बसून एकेक सूर सोडायचा, जाडापासून बारीकापर्यंत, मोठ्यापासून ऐकू येईल न येईल इथपर्यंत. बटण खोटं बोलू शकतं, चेहरा खोटं बोलत नाही. लोक ऐकू आलं नाही तरी बटण दाबतात, परीक्षेत नापास व्हायला नको म्हणून. त्यांच्याबरोबर आलेल्या बायका बाहेरच्या बाकावर बसून हमखास एकच वाक्य सांगतात, "ह्यांना सगळं ऐकू येतं हो, मुद्दाम करतात." आणि ती त्या बायकांकडे बघून गोड हसायची आणि मनात म्हणायची, बाई गं, इतकी वर्षं एका छपराखाली राहून तुला कळू नये? आता तिला तो बाक आठवला, हिरव्या रेक्झिनचा, मधोमध खचलेला. नव्या गाडीच्या सीटवर बसल्या बसल्या तिला ती खचलेली जागा आपल्याखाली जाणवली.

गाडीत बोलायला सुचेना. हे तसं नवं नव्हतं. गाडी ही त्यांची बोलायची जागा होती, पण बोलणं तोंडाने व्हायचं नाही. ती दिवसभर रुग्णालयात, तो रात्रभर शहराबाहेरच्या पंपघरात, पाणी चढवणाऱ्या त्या अजस्र मशिनांच्या पहाऱ्याला. गाडी एक. सकाळी तो यायचा, ती निघायची, दारात पिशव्यांची अदलाबदल. संध्याकाळी तो बसने रुग्णालयाच्या वाहनतळावर येऊन गाडी घेऊन जायचा, तेव्हा ती बहुधा शेवटच्या पेशंटच्या कानात असायची. दोघांच्याही हाताखालून रोज जाणारी एकच गोष्ट म्हणजे ती जुनी गाडी, आणि तिच्यात चाकाच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या वर, बोटाने दाबलं की उघडणारा एक छोटा कप्पा होता. आत करड्या बनातीचं अस्तर. कंपनीने सुट्या नाण्यांसाठी केला असावा. ह्यांनी त्यात संसार केला. शर्टाचं बटण ठेवलं म्हणजे ते तुटलंय. गोळ्यांचं रिकामं पाकीट म्हणजे आणायच्यात. सिनेमाची दोन तिकिटं म्हणजे रविवारी रजा मिळाली. आणि उघडी सेफ्टी पिन म्हणजे मी रागावले आहे. मिटलेली पिन म्हणजे गेला राग. एकदा त्याला ती टोचली. दुसऱ्या दिवशी त्याने बोटाला बांधलेली चिंधी कप्प्यात ठेवली, तिच्यावर रक्ताचा ठिपका, आणि तिला पेशंटसमोर हसू आवरेना. नणंद म्हणायची, "वहिनी, तुमचं लग्न दादाशी लागलंय की पोस्टाच्या पेटीशी?" ती म्हणायची, "पेटी बरी हो, उलटून बोलत नाही."

शोरूममध्ये त्या कप्प्याचा विषय तिनेच काढला होता. विकणारा मुलगा तरतरीत होता, त्याचे बूट त्याच्या बोलण्यापेक्षाही चकचकीत. समोर हा एवढा मोठा काळा पडदा, त्यात नकाशा, गाणी, हवामान, मागचा रस्ता. बाकी सगळं पाटी पुसल्यासारखं. छताला चष्म्याची डबी होती ती नाही. उन्हाच्या झडपेमागे चिठ्ठी अडकवायचा चिमटा होता तो नाही. सीटच्या पाठीची पिशवी नाही, सीटखालचा खण नाही.

"आणि इथे एक कप्पा असायचा," तिने गुडघ्यापाशी हात लावून दाखवला.

"काढलाय मॅडम. सगळ्यांनीच काढलेत आता. लोक काही ठेवतच नाहीत ना त्यात."

"कोण म्हणतं?"

"कंपनीने बघितलं ना विचारून."

"आम्हाला नाही विचारलं."

"तुम्ही काय ठेवायचा त्यात?" मुलाने खरोखरच्या उत्सुकतेने विचारलं. काय सांगणार? नवरा पलीकडे उभा राहून, डॉक्टर पोट दाबून बघतो तसा, गाडीचा पुढचा भाग बोटांनी दाबून बघत होता. तिने त्याला विचारलं, "अहो, कप्पा नाही हिला. चालेल?" तो म्हणाला, "चालेल चालेल, छान आहे." ते "छान आहे" तिला लागलं. इतक्या वर्षांच्या गोष्टीला एवढंच? त्या वेळी लागलं ते रागाचं लागलं. आता पट्ट्याचा आवाज थांबलेल्या गाडीत ती ते वाक्य पुन्हा उलटून बघत होती. त्याने ऐकलं तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावरून आला तेव्हा तिने एक लाजिरवाणी गोष्ट केली. तो नळाखाली कप विसळत होता, पाठमोरा. ती त्याच्या डाव्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "दूध संपलंय." कप विसळला गेला, पालथा घातला गेला. ती उजवीकडे सरकली. "दूध संपलंय." "आणतो की मग," तो म्हणाला. घरातल्या घरात तिने नवऱ्याची तपासणी केली, त्याला न सांगता, चोरी केल्यासारखी. तो वळून म्हणाला, "अशी काय बघतेस? दूधच संपलंय ना?" तिने मान हलवली. डावा कान गेलेला, उजवा निघालेला. पंपघर तिने एकदा पाहिलं होतं: टेबल खिडकीशी, आणि मशिनांची सबंध रांग टेबलाच्या डाव्या हाताला. बेअरिंगचा आवाज बिघडला का हे बघायला तो लांब पेचकसाचं टोक मशीनला लावून मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचा, तीही डाव्याच. त्या जाड आवाजांना अजून धक्का लागलेला नसणार, म्हणून काम सुरळीत चाललेलं. कान जातो तो बारकाव्याकडून जातो. आधी पाखरं जातात, मग घंटा, मग बायकामुलांचे आवाज. शब्दांची हाडं जातात आणि मांस उरतं. माणसाला कुणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. हे ती रोज बाकावरच्या बायकांना समजावून सांगायची. तिचा स्वतःचा आवाज मुळात बारीक. लहानपणी वडील म्हणायचे, हिला हाक मारायला लावू नका, मांजर आलंसं वाटतं.

नव्या गाडीतून रुग्णालयाकडे जाताना ती वर्षं मागे मागे मोजत गेली, आणि मोजता मोजता एका दुपारपाशी येऊन अडकली, आणि मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवेपर्यंत हिरव्या दिव्यासमोर तशीच थांबून राहिली.

त्या दुपारच्या आधीची गोष्ट अशी की त्यांचं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं. ती कामावर असतानाच दुखायला लागलं. कान तपासायच्या खोलीतून तिला त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेलं. त्या दिवशी तो रात्रपाळीला जोडून दिवसपाळीलाही थांबला होता, आणि पंपघराचा फोन नेहमीसारखा बंद. दोन दिवसांनी तिला सोडलं तोवर त्याला कळलं होतं, तो आला होता, शेजारी बसला होता, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. घरी आल्यावर मनगटावरचा रुग्णालयाचा प्लास्टिकचा पट्टा तिने कात्रीने कापला, आणि तो कुठे टाकावा हे न कळून खाली जाऊन गाडीच्या कप्प्यात ठेवला. नाण्यांशिवाय पहिल्यांदा काही ठेवलं ते हे. दुसऱ्या दिवशी पट्टा तिथे नव्हता. त्याच्या जागी त्याचा रुमाल होता, पंपघराच्या नळाखाली धुतलेला, घट्ट पिळलेला, अजून ओला. तिने तो हातात धरला आणि तिला कळलं. त्या दिवसापासून त्यांना कप्प्याची सवय लागली. बटणं, गोळ्या, पिना नंतर आल्या. आधी आला तो ओला रुमाल. आणि तोंडाने त्या मुलाविषयी दोघांनी अवाक्षर काढलं नाही.

एकदाच तिने काढलं होतं. कितीतरी वर्षांनी, त्याच्या सुट्टीच्या दुपारी. तो भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडला होता, जागा होता, पायाचा अंगठा हलत होता. ती त्याच्या पाठीशी पडून कपाळ त्याच्या मानेला लावून हळूहळू बोलायला लागली. सगळं बोलली. नर्सने काय सांगितलं, आपण का बघितलं नाही, बघायला हवं होतं असं कुठकुठल्या दिवशी वाटतं, भाजी निवडताना, लिफ्टमध्ये. कुजबुजत बोलली, कारण अशी गोष्ट कुजबुजूनच बोलतात. त्याने ऐकून घेतलं असं तिला वाटलं. अंगठा हलायचा थांबला. पण तो वळला नाही. काही म्हणाला नाही. संध्याकाळी उठून चहा केला, दोघांचा, आणि तिला म्हणाला, "साखर बरोबर आहे का बघ." तिने बरोबर आहे म्हटलं, आणि त्याच्यातल्या एका खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं. ह्या माणसाजवळ ही गोष्ट न्यायची नाही. राग नव्हता तो, रागाला पिन होती. हे त्याच्या पलीकडचं होतं, थंड आणि सोयीचं, आणि त्यावर तिने पुढची सगळी वर्षं रचली. चांगली वर्षं होती तशी. पण प्रत्येकाच्या तळाशी ती दुपार होती.

उजव्या कुशीवर पडला होता तो. उजवा कान उशीत.

त्या दिवशी तिच्या हातून एका पेशंटला चुकीच्या कानात सूर गेला आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. बाहेरची बाई बाकावरून म्हणाली, "त्यांना येतं हो ऐकू." ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात? म्हणजे, समोर बसून?" बाई बिचकली. "रोजच बोलते की. स्वयंपाकघरातून." मग म्हणाली, "उत्तर कुठे देतात?"

काम लवकर आटोपून ती वाहनतळावर आली. मुठीत कानात बसवायचा एक रबरी बोंडाचा तुकडा होता, तपासणीचा, बोराएवढा. दुपारपासून तिने तो खिशात घालून ठेवला होता. जुनी गाडी असती तर हे एवढं कप्प्यात ठेवायचं, की झालं. त्याला कळलं असतं: मला कळलंय, एकदा येऊन बसा काचेत. एक शब्द न बोलता, एकमेकांचे चेहरे न बघता. ती चाकासमोर बसली, हात आपोआप गुडघ्यापाशी गेला, आणि नख गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत गेलं. बोटांनी पुन्हा दाबलं, जणू काही जरा जोर लावला तर आतून काही उघडेल. मग तिने इकडेतिकडे जागा शोधल्या. पेल्यासाठी दोन खळगे होते, एवढे खोल की बोंड त्यात कचऱ्यासारखं दिसलं. सीटवर ठेवून बघितलं. पडद्याच्या काठावर ठेवलं तर गडगडत खाली आलं. कप्प्यात ठेवलेली वस्तू ठेवलेली वाटायची. इथे कुठेही ठेवली तरी पडलेलीच वाटत होती. काळ्या पडद्यात तिला तिचा चेहरा दिसला, त्यावरून एक ढग सावकाश गेला. ह्या गाडीत जे काही द्यायचं ते तोंडाने द्यायला हवं, आणि घेणाऱ्याचा कान दर वर्षी थोडा थोडा मिटत चाललाय. आज नाही बोललो तर पुढे मोठ्याने बोलावं लागेल, मग त्याहून मोठ्याने, मग बोलून उपयोग नाही. ती उठून शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि थांबली. बोंड परत खिशात टाकलं.

तो आला, खांद्याला डब्याची पिशवी, दार उघडून आत वाकला आणि तिला बघून दचकला. "तू अजून इथे? बस चुकली का?"

"बसा जरा."

तो चाकासमोर बसला. पिशवी कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघून शेवटी मांडीवर घेतली. "हिच्यात पिशवीलाही जागा नाही," तो म्हणाला. तिने विचार केला होता की हळूहळू सुरुवात करावी, कानापासून, आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "एकदा दुपारी मी तुमच्याशी बोलले होते. आपल्या मुलाबद्दल. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता."

त्याने समोर बघत मान हलवली. "हो हो. बरोबर आहे."

ती त्या मानेकडे बघत राहिली. ही मान तिने वर्षानुवर्षं पाहिली होती, आणि चारचौघांत ती सांगायची, आमचे हे समजूतदार आहेत, कशाला नाही म्हणत नाहीत.

"मी आत्ता काय म्हणाले?" तिने विचारलं.

त्याने चाकाच्या कातड्यावरची शिवण बोटाने चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दार उघडून उतरला. तिला वाटलं, चालला. तो गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आला, काचेवर बोट वाजवलं. "तू तिकडे बस," तो म्हणाला. "चाकापुढे. मी इथे बसतो." जागा बदलून दोघं पुन्हा बसली तेव्हा त्याचा उजवा कान तिच्याकडे होता. "हं, बोल आता," तो म्हणाला. "ह्याने येतं."

"कधीपासून?"

"झाली असतील बरीच वर्षं."

"आणि मला नाही सांगितलंत? मी दिवसभर लोकांचे कान बघते."

"तेच ना," तो म्हणाला. "म्हटलं, हिचंच काम आहे, हिला दिसलं असणारच. दिसूनही बोलत नाही, म्हणजे चालवून घेतेय. मग आपण कशाला?"

तिला हसू आलं की काय ते तिलाच कळलं नाही, पण डोळ्यांसमोरचा वाहनतळ हलला. "ती दुपार," ती म्हणाली, आता प्रत्येक शब्द सुटा करून. "माझं बोलणं ऐकू आलं नव्हतं तुम्हाला?"

"बोलत होतीस एवढं कळलं. मानेला तुझा श्वास लागत होता. बराच वेळ." त्याचा हात मानेवर गेला. "वळलो असतो तर विचारलं असतंस, काय वाटतं तुम्हाला. काय सांगणार होतो?"

"मग काय वाटलं तुम्हाला, काय बोलत असेन मी?"

"मला वाटलं, सोडून जाते म्हणतेस."

तिचा हात खिशातल्या बोंडावर गेला.

"पुढे कितीतरी दिवस कप्पा उघडायला हात धजायचा नाही. म्हटलं, किल्ली असेल घराची." त्याने मांडीवरची पिशवी सरळ केली. "पण गेली नाहीस. मग म्हटलं, विषय कशाला काढा."

पलीकडच्या रांगेत दोन नर्सा आपल्या गाडीशी उभ्या राहून बदललेल्या कपड्यांच्या पिशव्या आत टाकत होत्या. काच अर्धी उघडी होती. तिच्या मनात आलं की काच वर करावी, पण बटण कुठे आहे हे नव्या गाडीत तिला सापडेना, आणि थांबलं तर पुन्हा बोलणं होणार नाही हेही तिला कळत होतं. ती त्याच्याकडे वळली. कामावरचा आवाज लावला, तोंड उघडून, ओठ दाखवून, काचेपलीकडच्या माणसाशी बोलतात तसा. अशी गोष्ट अशा आवाजात कुणी कधी सांगितली नसेल.

"मुलगी होती," ती म्हणाली. "नर्सने सांगितलं मला. डोक्यावर केस होते म्हणाली. मी बघितलं नाही. मला बघवलं नसतं म्हणून नाही बघितलं, आणि मग तुम्हालाही सांगता येईना, कारण तुम्ही विचाराल, कशी होती."

नर्सा थबकल्या, मग आत बसल्या, मग त्यांची गाडी निघून गेली. तो तिच्या ओठांकडे बघत होता, ते थांबल्यावरही.

"मी मुलगाच धरून चाललो होतो," तो म्हणाला. "पंपघरात बोलायचो कधी कधी त्याच्याशी. तिथे कुणाला ऐकू जातंय. हे मशीन असं चालतं, हा व्हॉल्व्ह असा फिरवायचा, अंगठा इथे ठेव. मोठा होत गेला तसं तसं अवघड दाखवत गेलो." त्याने डाव्या कानामागचं हाड चोळलं. "गेल्या वर्षी पेचकस लावून ऐकायला शिकवलं."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मुलीलाही दाखवता येतात मशिनं," ती म्हणाली.

"काय?"

"मुलीलाही दाखवता येतात," ती मोठ्याने म्हणाली.

ह्या वेळी मान लगेच हलली नाही. शब्द आत जाऊन बसेपर्यंत तो थांबला. वाहनतळावरचे दिवे लागले, त्याच्या कामाची वेळ होऊन गेली होती, पण तो उठला नाही.

"येतात ना," तो म्हणाला. "पण मग पहिल्यापासून दाखवावी लागतील."